अकरा नंबरची पाठ

पेशंटची पाठ बघितल्याशिवाय कागदावर सही करायची नाही, हा दीक्षाचा नियम. सहा वर्षांत तिने तो एकदाच मोडला, आणि तोही चांगुलपणापायी. आळसापायी मोडला असता, तर निदान स्वतःला चार शिव्या घालून मोकळी तरी झाली असती.

नेरूळच्या त्या खासगी हॉस्पिटलात बायकांच्या वॉर्डात बत्तीस खाटा होत्या आणि एका पाळीला सिस्टर तीन. सिस्टरांच्या टेबलामागे एक काळा फळा होता. त्यावर लिहिलेलं असायचं, ‘बेडसोअरविना दिवस’, आणि पुढे आकडा. रोज सकाळच्या पाळीची सिस्टर कालचा आकडा पुसून एकने वाढवायची. दीक्षाचे वडील भगवान तुर्भ्याच्या एका कारखान्यात होते, तिथल्या गेटवर असाच फळा होता, ‘अपघाताविना दिवस’. त्यामुळे तिला या फळ्याचं भारी कौतुक. आकडा दोनशे चौदावर गेला होता, आणि त्यातले निम्म्याहून जास्त दिवस तिच्याच जिवावर निघाले होते, हे सगळा वॉर्ड जाणून होता. एका जागी पडून राहिलेल्या माणसाच्या माकडहाडावर, टाचांवर, कमरेवर भार येतो, तिथे रक्त पोचत नाही, आणि कातडी आतून मरायला लागते. वरून दिसतो नुसता लालसर डाग. दीक्षा तो डाग रुपयाएवढा असतानाच पकडायची. दर दोन तासांनी कूस बदलायला लावून ती मावश्यांचा जीव नकोसा करायची. बाकीच्या सिस्टर तिला ‘पाठवाली’ म्हणायच्या, आणि ती मनातून खूश व्हायची.

पुतळाबाई आल्या त्या सोमवारी संध्याकाळी, ऐन भेटायच्या वेळेत. शिरवण्याच्या, वय चौऱ्याहत्तर, अजून काष्ट्याचं लुगडं नेसणाऱ्या. गच्चीवर सुकत घातलेले बोंबील उचलताना पाय सरकला आणि खुब्याचं हाड मोडलं. मुलाने, रूपेशने, आधी हाडवैद्याला बोलावलं. त्याने लेप लावून पट्टा बांधला आणि हलायचं नाही म्हणून बजावलं. आठ दिवस म्हातारी हलली नाही. नवव्या दिवशी दुखणं सोसेना, तेव्हा तिला इथे आणलं. बुधवारी ऑपरेशन करून खुब्यात सळी बसवायची, दोन दिवसांत वॉकर धरून उभं करायचं, असं डॉक्टरांनी सांगितलं. रूपेशच्या चेहऱ्यावर तेवढ्यानेच रंग आला.

दीक्षाने रूपेशला आणि त्याच्या बायकोला, भाविकाला, पडद्याबाहेर उभं केलं. पण अकरा नंबरच्या पडद्याच्या निम्म्या कड्या तुटलेल्या, तो पुरता सरकेचना. फटीतून रूपेशचा खांदा दिसत होता. पलीकडे बारा नंबरला अख्खं खानदान डबा उघडून बसलेलं.

“आजी, जरा कुशीवर घेते हां. पाठ बघायची आहे,” दीक्षा म्हणाली.

पुतळाबाईंनी लुगड्याची गाठ घट्ट धरली. “नको गो बाय. माजा पोऱ्या उभा हाय तिथं.”

“पटकन बघते. एक मिनिट.”

“उद्या बग. मी काय पलून जातंय?” म्हातारीचे डोळे भरून आले होते. दीक्षाने मांडीखाली हात घातला मात्र, ती अशी कण्हली की बारा नंबरवाले डब्यातून मान वर करून बघायला लागले. खुबा मोडलेल्या माणसाला वळवायला चार हात लागतात. दुर्गाबाई मावशी सतरा नंबरला बेडपॅन द्यायला गेली होती.

दीक्षाला तिची दया आली. तिची स्वतःची आजी डॉक्टरला पोट दाखवायचं म्हटलं की भिंतीकडे तोंड करायची. उद्या ऑपरेशनची तयारी करतील, तेव्हा पाठ बघतीलच, असा विचार तिने केला. मग नेहमीच्या सवयीप्रमाणे, नातेवाइकांना ऐकू जावं म्हणून, मोठ्याने बोलत ती फॉर्म भरायला लागली. “ताप नाही. साखर नाही. कातडी ठीक.” खाली सही केली.

पडद्याबाहेर भाविका पिशवी छातीशी धरून उभी होती. “सिस्टर,” ती म्हणाली, आणि थांबली. दीक्षाला वाटलं, संडास विचारत असेल. तिने बोटाने दाखवला आणि पुढच्या पेशंटकडे गेली.

मंगळवारी दीक्षाची सुट्टी होती. तिने घरी गोधड्या धुतल्या, दुपारी झोप काढली. इकडे वॉर्डात तीन पाळ्यांच्या तीन सिस्टरनी अकरा नंबरच्या कागदावर तिच्याखाली तेच लिहिलं, कातडी ठीक. कोणीच बघितलं नाही. कशाला बघतील? दीक्षाने लिहिलंय म्हणजे बघितलंच असणार. दुसऱ्या कोणाची सही असती, तर निदान एकीने तरी चादर उचलली असती. ऑपरेशनआधी अंग पुसायला गेलेल्या मावशीलाही म्हातारीने समोरूनच परत पाठवलं.

बुधवारी दहा वाजता ऑपरेशन थिएटरात भूल द्यायला पुतळाबाईंना कुशीवर घेतलं, आणि भूल देणाऱ्या डॉक्टरांनी सुई खाली ठेवली. माकडहाडावर तळहाताएवढा काळा चट्टा होता. कडेने ओला. वास येत होता. अशा पाठीत सुई घालत नाहीत, आणि अशा जखमेशेजारी खुब्यात सळीही बसवत नाहीत, कारण पू आत उतरतो. ट्रॉली आली तशी परत वॉर्डात आली.

दीक्षाने चादर उचलून बघितलं. काळं म्हणजे आत मेलेलं. ते दोन दिवसांचं नव्हतं, हे तिला एका नजरेत कळलं. म्हणजे सोमवारी ते तिथे होतंच. कदाचित जांभळं असेल, कदाचित वाचण्यासारखं असेल. कदाचित नसेलही. हे तिला कधीच कळणार नव्हतं, कारण तिने बघितलं नव्हतं.

तिने सरळ मेट्रनच्या खोलीत जाऊन सांगितलं. मेट्रन मॅडम तीस वर्षं या धंद्यात होत्या. त्यांनी चष्मा काढून ठेवला.

“तू नाही बघितलंस?”

“नाही, मॅडम. आजी लाजत होत्या.”

“माझ्याजवळ बोललीस, बास. बाहेर बोलू नकोस. बोललीस तर तू जाशील, आणि अकरा नंबरची पाठ काही बरी होणार नाही.” मग त्या स्वतः उठल्या, वॉर्डात गेल्या आणि फळ्यावरचा आकडा हाताने पुसून शून्य लिहिलं. खडूचे हात त्यांनी साडीलाच पुसले.

रूपेश मात्र गप्प बसणारा नव्हता. “घरी कायच नव्हता. तुमच्या कागदावर लिवलंय, कातडी ठीक. मंग झाला कुठं?” तो डॉक्टरांना विचारायचा. डॉक्टर ‘वय’, ‘रक्तपुरवठा’ असं काहीबाही बोलायचे. दीक्षा सलाईनची बाटली बदलत तिथेच उभी असायची आणि तोंडातून शब्द काढायची नाही. तिला स्वतःची किळस यायची.

डॉक्टरांनी गणित साधं मांडलं होतं. जखम भरली तर ऑपरेशन, ऑपरेशन झालं तर म्हातारी उठणार, आणि उठली तरच जखम भरणार. या फेऱ्यात कुठून शिरायचं हे कोणालाच ठाऊक नव्हतं. दीक्षाने ठरवलं, आपण जखमेकडून शिरायचं.

मग तिने त्या पाठीवर जीव लावला. स्टोअरवाल्यांच्या हातापाया पडून हवेची गादी मिळवली. दर दोन तासांनी दुर्गाबाईला घेऊन म्हातारीला जरासं कलतं करायचं, पाठीशी उशी, गुडघ्यांमध्ये उशी, पोटऱ्यांखाली घडी, म्हणजे टाचा अधांतरी राहतील. चादरीला एक सुरकुती पडू द्यायची नाही. सर्जन मेलेलं मांस कापून गेले की खड्डा सलाईनने धुवायचा आणि ओली पट्टी हलक्या हाताने भरायची. जखमेला लघवी लागू नये म्हणून नळी घातली. भाविकाला सांगून रोज दोन अंडी आणायला लावली. म्हातारी अर्धं अंडं खायची आणि तोंड फिरवायची. “सुकट असती तर भाकर गेली असती,” म्हणायची. दीक्षाने डॉक्टरांची नजर चुकवून सुकटही आणवली. पुतळाबाईंनी दोन घास खाल्ले. दीक्षा तेवढ्यावर दिवसभर हवेत होती.

आता म्हातारी लाजत नव्हती. कोणीही येऊन चादर उचलावी, बघावी, नाक मुरडावं. “क्यवढा पडलाय गो?” एकदा तिने विचारलं.

“लहान होतोय, आजी,” दीक्षा म्हणाली. आत तिचं बोट दुसऱ्या पेरापर्यंत जात होतं.

“तू सोमवारी बगत व्हतीस, तवा मीच नाय म्हनले,” म्हातारी तिचा हात चाचपत म्हणाली. “तुजा काय दोस नाय.”

दीक्षा भांडं घेऊन धुवायच्या खोलीत गेली आणि नळ मोठा करून रडली. दोषच दिला असता म्हातारीने, तर बरं झालं असतं. म्हातारी नाही म्हणणारच. नाही म्हणणाऱ्या माणसाचीही पाठ बघता यावी, म्हणून तर सिस्टर शिकवून तयार करतात.

आठव्या दिवशी ताप चढला. नवव्या दिवशी रक्तदाब उतरला आणि म्हातारी रूपेशला त्याच्या बापाच्या नावाने हाका मारायला लागली. जखमेच्या तळाशी हाड लागलं. पू रक्तात गेला होता. महागातली औषधं सुरू होती, पण डॉक्टर आता ऑपरेशनचं नावही काढत नव्हते. अकराव्या दिवशी त्यांनी रूपेशला बाजूला घेऊन सांगितलं, घरी न्या, आपल्या माणसांत राहू द्या. रूपेशने भांडण केलं नाही. खाली जाऊन अ‍ॅम्ब्युलन्स ठरवली.

बाराव्या दिवशी दुपारी घरी न्यायच्या आधी शेवटची पट्टी करायला दीक्षा आली. घरच्या माणसाला शिकवायचं असतं, म्हणून तिने भाविकाला पडद्याच्या आत घेतलं. कड्या अजून तुटलेल्याच होत्या, तिने पडदा चिकटपट्टीने भिंतीला लावला.

“आधी असा खांद्याखाली हात घाला,” ती सांगायला लागली, आणि थांबली. भाविकाने न सांगता एक हात खांद्याखाली, एक कंबरेखाली घातला होता. मोडक्या पायाला धक्का लागणार नाही अशी तिने सासूला कलती केली आणि गुडघ्याने उशी सरकवली. नव्या माणसाला हे जमत नाही.

“कुठे शिकलात?”

“घरीच. ते आठ दिवस मीच करायचे,” भाविका म्हणाली. तिने पडद्याकडे बघून आवाज खाली आणला. “सिस्टर, घरीच लाल झाला होता. मी पावडर लावायची. ह्यांना माहीत नाय. आईंनी शपत घातलेली, कोनाला सांगू नको, तुलाच बोलतील की सासूला नीट ठेवली नाय. त्या दिवशी तुमाला सांगनारच होते मी. सिस्टर म्हनून हाक पन मारली. पन त्याच्या आदी तुमी लिवताना बोललात ना, कातडी ठीक. माजा जीव भांड्यात पडला. म्हनलं, त्या शिकलेल्या हायेत, त्यांनी बगितली. मंग नसेल काय. आपल्यालाच उगा भ्या वाटतो.”

दीक्षाने हातातली पट्टी खाली ठेवली. वॉर्डात कोणाच्या तरी फोनवर आरती वाजत होती. तिला मेट्रन मॅडमची ताकीद आठवली, आणि तिने ती मोडली.

“मी बघितली नव्हती,” ती म्हणाली. “पाठ. त्या दिवशी. न बघताच लिहिलं.”

भाविका चिडेल, रूपेशला हाक मारेल, असं दीक्षाला वाटलं. तिने तसं करावं, असंच तिला वाटत होतं. पण भाविकाचा चेहरा नुसता पडत गेला. आपण एक शब्द बोललो असतो तर, हे आता तिच्याही वाट्याला आलं होतं. मन मोकळं करायला गेलेल्या दीक्षाने निम्मं ओझं तिच्या डोक्यावर ठेवलं होतं, आणि स्वतःचं तसूभरही कमी झालं नव्हतं.

“काय म्हनते गो ती?” पुतळाबाईंनी डोळे न उघडता विचारलं. त्यांचा हात कंबरेपाशी लुगड्याची गाठ शोधत होता. अंगात हॉस्पिटलचा गाऊन होता.

“काय नाय, आई,” भाविका म्हणाली. “पाठ बगायची हाय.”

म्हातारीने हात बाजूला केला. दोघींनी तिला कुशीवर घेतलं.