रविवारची फुंकर

“अजून… अजून… सोडू नका काका… अजून… हां, बास!”

काकांनी तोंडातली नळी काढली आणि खुर्चीला टेकून दम खाल्ला. गाल टोमॅटोसारखे झाले होते. समोरच्या बाकावर त्यांची लेक बसली होती, तिच्या मांडीवर नात. नातीनं टाळ्या पिटल्या. केकवरच्या मेणबत्त्यांखेरीज आणखीही कशावर माणसं एवढ्या जोरात फुंकतात, हे तिला आजच कळत होतं.

एरवी यानंतर दारू तपासायचं ते मशीन हलकंच ‘टुक्’ करायचं आणि शून्य दाखवायचं. आज ते मांजराच्या शेपटीवर पाय पडावा तसं किंचाळलं. लाल दिवा लागला.

डबीताईंनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर ओढला. आकडा पाहिला. मशीन तिरकं धरून पाहिलं. आकडा हटेना.

“काय आलं?” लेकीनं विचारलं.

“शून्यच असणार,” काका म्हणाले. “दुसऱ्या कुठल्या आकड्याला बोलावलंय कोणी?”

ताईंनी मशीन त्यांच्याकडे वळवलं.

हात धुवा. खिसे रिकामे करा.

डबीताई हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. ते ड्रायव्हर लोकांनी ठेवलेलं. टायरच्या दुकानावर, अरुंद जिना चढून गेलं की दोन खोल्यांचं तपासणी केंद्र होतं. गावातले बसमालक, क्रेनवाले, गोदामवाले आपल्या माणसांना तिथं धाडायचे. दारू पिऊन कामावर येतो का, दुसरी काही नशा करतो का, बघून कळवा. माणूस आला की ताई ठरलेली वाक्यं ठरलेल्या क्रमानं म्हणायच्या, त्याच्या हातात झाकणाची डबी द्यायच्या आणि कोपऱ्यातल्या दाराकडे बोट दाखवायच्या. आत नळ बंद केलेला, संडासातल्या पाण्यात निळा रंग टाकलेला. डबीत कुणी भलतं पाणी भरू नये म्हणून. मग दाराबाहेर थांबायचं. ताईंच्या आयुष्याचा बराच भाग असा दाराबाहेर थांबण्यात गेला होता.

आत डोंगराएवढा क्रेनवाला, आणि थेंब पडेना.

“ताई, तुम्ही उभ्या आहात म्हणून होत नाही.”

“बरं, बसते.”

“बसलात तेही कळतंय ना मला!”

मग ताई आपल्या शेजारणीच्या बोक्याची कहाणी सुरू करायच्या. बोका कपाटावर कसा चढला, कपाट कुणावर पडलं, पडलं तेव्हा त्या माणसाच्या अंगावर काय होतं नि काय नव्हतं. क्रेनवाला आत खो खो हसायला लागायचा आणि हसता हसता काम होऊन जायचं. गोष्ट अर्धी टाकून ताई डबीला सील लावायच्या. त्या बोक्याचं पुढं काय झालं, हे गावात कुणालाच ठाऊक नव्हतं.

बाजारात ताई दिसल्या की ड्रायव्हर मंडळी पलीकडच्या कडेनं चालायची. एखादा धीट हात जोडायचा, “ताई, आज सुट्टी आहे हो, आज काही मागू नका.” नवरा चारचौघांत छाती फुगवून सांगायचा, “आमच्या हिनं अख्ख्या गावाचं पाणी जोखलंय.” ते खरंच होतं. पण कुणाचं काय निघालं, हे त्यांनी त्या नवऱ्यालाही कधी सांगितलं नव्हतं.

तोंडात काही आहे का? काही खाल्लं, प्यालं, चूळ भरली?

हे वाक्य त्या रविवारी म्हटलंच गेलं नाही.

रविवारी खरं तर केंद्र बंद. ताई ते एका माणसासाठी उघडायच्या. काका शिलाई मशीन दुरुस्त करायचे. गंजून बसलेलं मशीनही त्यांचा हात लागला की मुकाट्यानं चालायला लागायचं. पण तरुणपणी प्यायचे, आणि प्यायचे म्हणजे पार वाहून जायचे. एकदा तशाच अवस्थेत लेकीला शाळेतून आणायला गेले आणि स्कूटर गटारात घातली. लेकीच्या हनुवटीखाली टाक्यांची खूण अजून होती. नात झाली तशी काकांनी दारू सोडली. पण लेक म्हणाली, “सोडली, हे मी आधीही पुष्कळदा ऐकलंय बाबा. दर रविवारी फुंकून या, चिठ्ठी दाखवा, मग भिंगरीला बागेत न्या.”

भिंगरी म्हणजे नात. एका जागी बसली तर शपथ.

दुसऱ्या एखाद्याला हा अपमान वाटला असता. काका इस्त्रीचा शर्ट घालून यायचे. फुंकायचे, शून्य बघायचे, “झालो बुवा पास!” म्हणायचे आणि जिना तरण्या पोरासारखे उतरायचे. त्यांचं ते शून्य पाहायला ताईंना इतकं आवडायचं, की नवऱ्याला “केंद्राची साफसफाई असते” असं सांगून त्या निघायच्या. नवरा म्हणायचा, “दर रविवारी? तिथं माणसं तपासता की म्हशी बांधता?”

आज मात्र लेक स्वतः आली होती. “एकदा बघायचंय मला, कसं करतात ते.” मग तिच्यासाठी बाक पुसा, भिंगरीला चित्र काढायला कागद द्या. या गडबडीत, आणि काका म्हणजे काय घरचेच, या लाडात ताईंचं ते वाक्य राहून गेलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

बसून राहा. पाव तास काही खायचं नाही, प्यायचं नाही.

“लाल आलं की पाव तासानं परत फुंकायचं, असा नियम आहे,” ताई म्हणाल्या. “मग जो आकडा येईल तो धरायचा.”

“आणि हा पहिला? हा काय खोटा?”

ताईंनी तो पुन्हा पाहिला. आकडा तर एवढा मोठा होता, की तेवढी चढलेला माणूस हा जिना उभ्यानं चढून आलाच नसता.

लेक उठली. बापाजवळ गेली, वाकली, वास घेतला. आणि झटकन मागं सरली.

“पुदिना,” ती म्हणाली.

“हो!” काका खुलले. “येतोय ना छान?”

“लहानपणीही यायचा. प्यायचात, वर पुदिन्याच्या गोळ्या चघळायचात, आणि दारात उभे राहून सांगायचात, ‘आज मालकांचा वाढदिवस होता, सगळ्यांना गोळ्या वाटल्या.’ तुमच्या मालकांचा वाढदिवस आठवड्यातून तीनदा यायचा, बाबा.”

भिंगरीची पेन्सिल थांबली. “आई, आम्हाला बागेत जायचंय ना?”

“नाही.”

काकांनी शर्टाचं वरचं बटण उगाच काढलं आणि परत लावलं. “मला काही कळत नाही गं,” ते म्हणाले. “मी घेतलेली नाही. पण लाल तर आलंय.”

तेव्हा कुठं ताईंच्या डोक्यात उजेड पडला. “काका, चूळ भरली होती का कशानं?”

“भरली की. खालीच, टायरवाल्याच्या नळावर. दुकानातनं ते निळं औषध आणलंय, तोंड स्वच्छ करायचं. म्हटलं, लेक शेजारी बसणार, म्हाताऱ्याच्या तोंडाला वास नको.”

“अहो, त्यात दारूचा अंश असतो! तो तोंडात राहतो आणि मशीनला लागतो.” ताई लेकीकडे वळल्या. “चूक माझी आहे हो. हे आधी विचारायचं असतं. मी विचारलंच नाही.”

“मॅडम, तुम्ही त्यांची बाजू घेऊ नका. कारण काय, सापडतंच. मी लहान होते तेव्हाही सापडायचं.”

आणि इथं काकांनी जोरजोरात मान हलवली.

“छे, छे! त्यानं कसं होईल? मी गिळलं कुठं? चूळ भरून थुंकलो.”

“थुंकलात तरी काका…”

“अहो ताई, तोंडाचं औषध ते. त्यात दारू कोण घालेल? नाही, ते काही मला पटत नाही. दुसरंच काहीतरी असणार.”

“दुसरं काय असणार?” ताई रडकुंडीला आल्या. “दुसरं म्हणजे काय असतं, कळतंय का तुम्हाला?”

“ते मला नाही ठाऊक. पण उगाच कुणावर आळ घ्यायचा नाही. दुकानदार भला माणूस आहे.”

ताईंनी कपाळावर हात मारला. तो चष्म्यावर बसला.

लेक बापाकडे बघत होती.

“बाबा, त्या तुम्हाला आयतं कारण देतायत.”

“हो, पण ते चुकीचं आहे ना.”

“मग बरोबर कुठलं?”

“तेच तर. नाही माझ्याकडे.”

“एकसुद्धा नाही? मालकांचा वाढदिवस?”

“मालक गेले की गं मागेच.”

लेकीच्या नाकातून फस्सकन आवाज आला. तिनं ओठ दाबून धरले, पण उपयोग झाला नाही. ती बाकावर बसली आणि पोट धरून हसायला लागली. आई हसते म्हणून भिंगरी हसली, आणि त्या दोघींकडे बघून काका हसले, आपण का हसतोय याचा पत्ता नसताना. लेकीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते सगळंच काही हसण्याचं नव्हतं, असं ताईंना वाटलं. पण ताईंनी ते नेहमीसारखं पोटात ठेवलं.

“एवढ्या वर्षांत,” लेक पदरानं नाक पुसत म्हणाली, “पहिल्यांदा तुमच्याकडे सांगायला काहीही नाही.” तिनं भिंगरीचा हात धरला आणि बापाच्या हातात दिला. “जा. न्या तिला बागेत.”

एका दमात फुंका. मी थांबा म्हणेपर्यंत.

काका उठले नाहीत.

“पाव तास झाला नाही अजून.”

“मला नको आता आकडा, बाबा.”

“तुला नको असेल. मला पाहिजे. लाल दिवा मागं ठेवून मी पोरीला घेऊन रस्त्यानं जायचा नाही.”

मग चौघंही बसून राहिली. खाली टायरवाला कुणाच्या तरी चाकात हवा भरत होता, त्याचा फुसफुस आवाज वर येत होता.

“आजोबा, दारू म्हणजे काय?” भिंगरीनं विचारलं.

लेकीनं काही बोलायला तोंड उघडलं, पण काकांनी हातानं थांबवलं. “आजोबा एक औषध प्यायचे. ते प्यायलं की आजारी पडायचे.”

“मग डॉक्टरांनी का दिलं?”

“डॉक्टरांनी नव्हतं दिलं. आजोबांनीच घेतलं.”

“शहाणेच आहात!”

“होतो खरा,” काका म्हणाले. “फार शहाणा होतो.”

लेकीनं हात लांब करून त्यांच्या शर्टाची कॉलर नीट केली. कॉलर नीटच होती.

ताईंनी नवी नळी लावली. या वेळी सगळी वाक्यं म्हटली, पहिल्यापासून, एकही न गाळता. काका प्रत्येकाला “होय”, “नाही”, “नाही” अशी शाळकरी उत्तरं देत गेले. मग त्यांनी छातीत हवा भरली. त्यांच्याबरोबर भिंगरीनं भरली. लेकीनंही भरली, आणि तिला ते कळलं नाही.

“अजून… अजून… अजून… बास!”

टुक्.

आकडा आपल्या डोळ्यांनी बघा.

काकांनी बघितला. मग लेकीला दाखवला, मग भिंगरीला. भिंगरी म्हणाली, “शून्य म्हणजे नापास,” आणि पुन्हा एकदा सगळी हसली.

“म्हणजे त्या औषधात खरंच असते?” काकांनी खिशातून निळी बाटली काढून ती लांब धरली, विंचू धरावा तशी. “आणि तो गृहस्थ ती सर्रास विकतो? असल्या दुकानात आपण जाणार नाही!” त्यांनी ती स्वतः मोरीत उपडी केली, वर दोन तांबे पाणी ओतलं आणि हात धुतले.

ताई चिठ्ठी फाडू लागल्या.

“राहू द्या मावशी,” लेक म्हणाली. “चिठ्ठी नको आता.”

“आणि पुढच्या रविवारी?” काकांनी विचारलं.

“पुढच्या रविवारी सरळ घरी या. सकाळीच या. जेवूनच जा.”

काकांचा चेहरा उजळला, आणि लगेच त्यांना काहीतरी आठवल्यासारखं झालं. त्यांनी खोलीभर नजर फिरवली. मशीन, बाक, खुर्ची. मग ताईंकडे पाहिलं. “पण मग इथं? म्हणजे, तुम्ही वाट बघाल.”

“इथं?” ताई नळी केरात टाकत म्हणाल्या. “इथं रविवारी बंद असतं, काका.”

काकांनी शर्ट खाली ओढून सरळ केला, ताईंपुढं वाकून नमस्कार केला, आणि भिंगरीनं ओढत नेलं म्हणून जिन्याकडे गेले.

ताई खिडकीशी येऊन उभ्या राहिल्या. खाली दुकानाबाहेर टायर मांडून ठेवलेले होते, आणि भिंगरी एकेका टायरात डोकं घालून पलीकडच्या आजोबांना हाका मारत होती. काका प्रत्येक टायरापाशी वाकून ओ देत होते. लेक दोघांना तिथंच सोडून पुढं निघाली होती, रमतगमत, पिशवी हलवत. ती कोपऱ्यापर्यंत गेली, वळली, आणि दिसेनाशी झाली.

एकदाही तिनं मागं वळून पाहिलं नाही.