लुविनियाची मताची टोपी

मित्रांनो, मी एक जुनी निळी टोपी आहे. लोकरीची, रुंद काठाची. माझं वय शंभरीच्या पुढे गेलं, पण अंगावर ऊन पडलं ते मोजकेच दिवस.

अमेरिकेत, अलाबामातल्या एका दुकानातून लुविनिया धोबिणीनं मला घेतलं, तेही डोक्याचं माप दोरीवर आणून. काळ्या बायकांना टोपी घालून बघायची मुभा नव्हती. त्यांच्या केसांना लागलेली टोपी गोऱ्या बायकांनी घेतली नसती. दोरीनं दगा दिला आणि मी ढगळ झाले. मग तिनं आत वर्तमानपत्राची घडी कोंबली. बायकांना मताचा हक्क मिळाला, ही त्या आठवड्याची बातमी त्यावर होती.

मला घालून ती मतदार यादीत नाव लिहायला गेली. पुढच्या गोऱ्या बायकांची नावं भराभर चढली. तिची पाळी आली तसा कारकून हसला.

"तुला परीक्षा आहे. सांग, साबणाच्या एका वडीतून फुगे किती निघतात?"

"कपडा कुणाचा त्यावर आहे, साहेब. तुमच्या कॉलरला अख्खी वडी लागते, फुगा कुठला उरायला!"

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं.

"नापास! चल, नीघ इथून."

घरी येऊन तिनं मला खोक्यात ठेवलं. "आता मत देईन त्याच दिवशी तुला घालीन."

पंचेचाळीस वर्षं, मित्रांनो! रविवारी शेजारणींच्या टोप्या मिरवत चर्चला जायच्या. लुविनिया रुमाल बांधून जायची आणि मी अंधारात पावलं ऐकायचे. भांडण तिचं कारकुनाशी, शिक्षा मात्र मला! फार एकटं वाटायचं. दर निवडणुकीआधी ती कचेरीत जायची. परत आली की मी झाकणाकडे कान लावायचे. ते उघडायचं नाही.

काळ्यांना मतदानापासून अडवणं बंद करणारा कायदा आला, त्याच्या काही महिने आधी ती गेली. शवपेटीत तिच्या डोक्यावर घालायला शेजारणीनं मला बाहेर काढलं, तशी नात अर्लीन आडवी आली.

"नको, मावशी. आजीचं काम राहिलंय."

पुढल्या वर्षी अर्लीन मला घालून मत द्यायला गेली. घडीमुळे मी तिला घट्ट होत होते, तरी तिनं ती काढली नाही. त्या दिवसाइतकं ऊन मला पुन्हा कधी गोड लागलं नाही.

आता अर्लीन थकली आहे. जवळचं मतदान केंद्र बंद झालं. आमच्या वस्तीला लांब जावं लागतं आणि रांगेत तासन्‌तास उभं राहावं लागतं. उद्या मतदान आहे. लेक म्हणाली, "जाऊ दे गं आई, एका मतानं काय होतंय?"

 अर्लीननं मला खोक्यासकट लेकीच्या मांडीवर ठेवलं आणि ती झोपायला गेली.

मित्रांनो, जपून ठेवलेल्या टोपीलाच कसर लागते. मी अजून आत आहे. कुणीतरी झाकण उघडा.