पट्ट्याचं माप

माणूस नुसता दारातून आत आला, की मास्तरांना त्याच्या खांद्याचं, छातीचं आणि बाहीचं माप कळायचं. टेप ते लावायचे, पण तो गिऱ्हाइकाच्या समाधानासाठी. सगळी गल्ली त्यांना मास्तरच म्हणे, कारण शिंपी म्हटलेलं त्यांना रुचत नसे आणि टेलर म्हटलं की ते ऐकू न आल्यासारखं करत. डोळ्यांत टेप घेऊन जन्मलेला असा हा माणूस त्या दिवशी सकाळपासून बागकामाच्या यंत्रांची दुकानं हिंडत होता, आणि त्याचे पाय भरून आले होते.

झालं होतं असं, की रविवारी जेवताना त्यांची बायको म्हणाली, "मला आता अंगण होत नाही."

ती चिडून बोलली असती तर मास्तरांनी नेहमीसारखं या कानानं ऐकून त्या कानानं सोडून दिलं असतं. पण ती चिडली नव्हती. भाजीत मीठ कमी पडलंय असं सांगावं, तसं तिनं सांगितलं. मग ताटातला भात कालवत म्हणाली, "एक तर त्याचं काहीतरी करा, नाहीतर आपण लेकीकडे जाऊ. पोरगी बिचारी खोली रिकामी ठेवून बसलीय."

लेक राहायची उंच इमारतीत, लिफ्टनं जावं लागे इतकी वर. तिथे पँटची पट्टी सोडून घ्यायला कोण येणार होतं? लेकीकडे जाणं म्हणजे शिवणयंत्रावर कायमचं झाकण घालणं, आणि मास्तरांना दुसरं काहीच येत नव्हतं. रिकाम्या हातांनी दिवसभर जावयाच्या सोफ्यावर बसायचं, या विचारानंच त्यांना धडकी भरली.

त्या अंगणाबद्दल थोडं सांगायला हवं. ते घराच्या तीन बाजूंनी होतं. गवत, कंबरेइतकं हिरवं कुंपण, आणि मागे एक दांडगं झाड, ज्याच्या फांद्या शेजाऱ्याच्या छपरावर टेकायच्या. पुढच्या खोलीत मास्तरांचं दुकान, आणि मशीन अगदी खिडकीशी, म्हणजे मान वर केली की हिरवंगार दिसे. गिऱ्हाईक आलं की आधी म्हणे, "मास्तर, काय अंगण ठेवलंय हो तुम्ही!" आणि मास्तर मान जराशी तुकवून ती स्तुती खुशाल पदरात घेत. त्यांचा वाटा नव्हताच असं नाही. बायको विळा घेऊन गवतात बसलेली असली, की ते खिडकीतून हाक देत, "अगं, तो कोपरा राहिला बघ." उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. फक्त उंटाच्या जागी शिवणयंत्र होतं.

तर मास्तर यंत्र बघायला निघाले. पहिल्या दुकानात त्यांना पेट्रोलवरचं दाखवलं. भलं दणकट होतं, पण सुरू करायला दोरी ओढावी लागे. दुकानदारानं ती ओढून दाखवली, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा इंजिन धडधडलं. मास्तरांनी त्याच्या खांद्याकडे पाहिलं. दर झटक्याला तो कानापर्यंत चढत होता. बायकोचा उजवा खांदा गेल्या थंडीपासून धरला होता. वेणीसुद्धा ती डाव्या हातानं कशीबशी घालायची. मास्तर म्हणाले, "दोरीचं नको," आणि बाहेर पडले.

दुसऱ्या दुकानातलं हलकं होतं, बॅटरीचं, पण इतकं लेचंपेचं की दांडा हातात धरल्याबरोबर लवला. शिवाय ते गवताशिवाय काही कापत नव्हतं. कुंपणाला वेगळं घ्या, फांद्यांना वेगळं घ्या, असा सगळा मामला. मास्तर तिथल्या खुर्चीवर नुसतेच थोडा वेळ बसून राहिले. दुकानदारानं पाणी दिलं. वयाचा हा एक फायदा असतो.

तिसरं दुकान रस्त्याच्या टोकाला होतं. तिथला विक्रेता पन्नाशीतला, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला. सकाळपासून तोही बोलून बोलून थकलेला दिसत होता. त्यानं एक बॅटरीची मोटर टेबलावर ठेवली आणि शेजारी एकेक जोड मांडत गेला: गवत कापायचा, कुंपण छाटायचा, लांब दांड्याची करवत, पाला उडवायचा पंखा.

"मोटर एकच, काका. हवं ते डोकं लावायचं, खटका दाबायचा, झालं."

"एक ना धड भाराभर चिंध्या," मास्तर म्हणाले. चिंध्यांबद्दल बोलायचा अधिकार त्यांच्याइतका कोणाचा असणार!

विक्रेता हसला नाही. त्यानं खटका दाबून एक जोड काढला, दुसरा बसवला आणि यंत्र पुढे केलं. मास्तरांनी सांधा बोटांनी चाचपला. शिवणयंत्राचं चेन लावायचं फूट काढून साधं फूट लावावं, तितकंच ते सोपं होतं. आता त्यांना ते पटायला लागलं. घरच्या मशीनलाही ते सुईखालचं फूटच बदलतात, दर कामाला नवी मशीन थोडीच घेतात!

आणि मग ते निवडायला बसले, आणि खरं सांगायचं तर फार मनापासून बसले. गवताचा जोड तर हवाच, कारण तिचे गुडघे. खाली बसली की उठताना जमिनीला हात टेकायची आणि "आई गं" म्हणायची. कुंपणाचा हवा, कारण मोठ्या कात्रीला दोन्ही हात उचलावे लागत. लांब करवत हवी, कारण शिडीवरून ती एकदा घसरली होती आणि कोणाला सांगितलंही नव्हतं; पोटरी काळीनिळी दिसली तेव्हा मास्तरांना कळलं. पंख्यापाशी ते जरा अडखळले. मग खराट्यानं पाला लोटून झाल्यावर कंबरेवर हात ठेवून उभी राहिलेली बायको त्यांना आठवली. म्हणाले, "तोही द्या." तिचं एकेक दुखणं त्यांना असं तोंडपाठ होतं.

"चालवणार कोण? तुम्हीच ना?" विक्रेत्यानं विचारलं.

"छे हो! आमची ही."

"मग त्यांना घेऊन यायचं होतंत. खांद्यावरचा पट्टा अंगावर घालून बसवावा लागतो. लांबी चुकली तर सगळा भार पाठीवर येतो."

मास्तर त्या दिवशी पहिल्यांदाच हसले. "तिचं माप तुम्ही मला विचारताय? लग्न झाल्यापासून तिचे कपडे मी शिवतोय." आणि त्यांनी बायकोची उंची, खांदा, कंबर, सगळं घडाघडा सांगितलं. विक्रेत्यानं पट्टा तेवढा केला, बकल घट्ट लावलं. मग म्हणाला, "निदान तुम्ही तरी एकदा उचलून बघा."

मास्तरांनी यंत्र उचललं. कात्री चालवून चालवून त्यांचं मनगट अजून दणकट होतं. यंत्र त्यांच्या हाताला बेतून शिवल्यासारखं बसलं. मोटर लावली तशी बारीक थरथर कोपरापर्यंत आली. ती शिवणयंत्रासारखीच, ओळखीची होती. पण त्यांनी ते लगेच खाली ठेवलं.

"मला उचलून काय कळणार? तिला जड होईल का, ते सांगा."

विक्रेत्यानं चष्मा डोळ्यांवर चढवून त्यांच्याकडे नीट पाहिलं. काहीतरी बोलणार होता, पण तेवढ्यात दुसरं गिऱ्हाईक आलं.

मास्तर खोकं घेऊन रिक्षानं घरी आले तेव्हा चार वाजून गेले होते. बायको मागच्या पायरीवर बसली होती. शेजारी विळा होता आणि कापलेल्या गवताचा छोटासा ढीग. ढिगाच्या मानानं ती फारच दमलेली दिसत होती.

"आणलं बघ," मास्तर म्हणाले.

त्यांनी खोकं उघडलं आणि एकेक वस्तू बाहेर काढत सांगत गेले. हे तुझ्या गुडघ्यांसाठी. हे खांद्यासाठी. आता शिडीचं नाव काढायचं नाही. दोरी ओढायची नाही, नुसतं बटण. बायको एकेक वस्तू बघत होती. तिला आनंद झाला असणार, असं मास्तरांना वाटलं. एवढा अंदाज चुकलेला शिंपी जगात दुसरा नसेल.

"ऊठ, पट्टा घालून बघ. तुझ्या मापाचाच करून आणलाय."

ती जमिनीला हात टेकून उठली. मास्तरांनी पट्टा तिच्या डोक्यावरून घालून खांद्यावर बसवला आणि, ट्रायल देताना मागे सरतात तसे, दोन पावलं मागे सरले.

पट्टा लोंबत होता. यंत्र अडकवायचा जो आकडा कंबरेशी यायला हवा तो मांडीवर आला होता. खांद्यावरही तो ठरेना, घरंगळत होता. मास्तरांना आधी वाटलं, त्या चष्मेवाल्यानं माप चुकवलं. मग त्यांनी पाहिलं. खांदे उतरले होते. पाठीला बाक आला होता. उंचीच कमी झाली होती. शिवतोय म्हणाले खरे, पण ती केव्हाची तयार कपडेच घेत होती, म्हणून त्यांनी कित्येक वर्षांत तिला टेप लावला नव्हता, आणि डोळ्यांतला टेप तर रस्त्यावरच्या परक्या माणसांसाठी राखून ठेवलेला. ही केव्हा एवढीशी झाली? त्यांना रडू यायला लागलं, आणि त्याची लाज वाटली म्हणून ते घाईघाईनं पुढे झाले.

"थांब हं, आवळून देतो. एका मिनिटाचं काम." त्यांची बोटं बकलाशी झटू लागली.

तिनं त्यांच्या हातावर हात ठेवला.

"आवळू नका," ती म्हणाली. "सैल करा. तुमच्या मापाचा करा."

मास्तरांनी बकल सोडलं नाही.

"अहो, मला होत नाही म्हणाले मी. मला सोपं करून द्या, असं नव्हते म्हणाले." आवाज रविवारचाच होता. "दिवसभर उन्हातान्हात फिरलात, माझं गुडघ्यापासून खांद्यापर्यंत सगळं आठवलंत. स्वतःचे हात तेवढे आठवले नाहीत."

"पण मला कुठे येतं?"

"मला तरी कुठे येत होतं?"

मास्तरांनी पट्टा तिच्या अंगावरून काढला, बकल सोडलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचं माप घेतलं. दोनदा चुकलं. तिनं मागून पट्टा सरळ केला आणि घरात गेली.

गवत वाईट कापलं गेलं. कुठे टक्कल, कुठे झुपके. गवत कापणारी नायलॉनची दोरी दगडाला लागून तुटली, तेव्हा माहितीपुस्तक काढून वाचावं लागलं. कडेची फुलझाडंही दोनचार आडवी झाली. मास्तरांची पाठ भरून आली, घाम डोळ्यांत उतरला, आणि आता खिडकीतून हाक येईल म्हणून ते वाट बघू लागले. यायलाच हवी होती. त्यांनी मोटर बंद करून खिडकीकडे पाहिलं.

बायको त्यांच्या खुर्चीत होती. शिवणयंत्राच्या फळीवर हात दुमडून, त्यावर गाल ठेवून झोपली होती. तोंड किंचित उघडं होतं. दिवसाउजेडी झोपलेली ती त्यांना कधी दिसलीच नव्हती.

मास्तर मागे वळले. कुंपणाशी कोपरा राहिला होता. कोणी सांगितलं नाही, त्यांचा त्यांनाच दिसला.