पडीक रानातला हुलगा

सोमवारी महसूल खात्याचे सर्कलसाहेब रान बघायला येणार, म्हणून रविवारी सकाळी कुंडलिक आपल्याच रानातला हुलगा उपटायला निघाला. बांधावर त्याची बायको रंभाबाई उभी होती. तिच्या हातात खुरपं होतं, आणि ते हुलग्यावर चालवायला आणलेलं दिसत नव्हतं.

"एक येल उपटून दावा," ती म्हणाली, "मग मी बगती."

कुंडलिक थांबला. बारा वर्षं ह्या रानात कुसळाशिवाय काही उगवलं नव्हतं. वीतभर उकरलं की मुरूम, मुरमाखाली पाषाण. मोडनिंबच्या अलीकडं, हमरस्त्याला चिकटलेलं हे वीस गुंठं वाटणीत त्याच्या गळ्यात पडलं, तेव्हा भाऊबंद हसू दाबत उठून गेले होते. आणि यंदा, नेमकं यंदाच, त्यात हुलगा असा माजला होता की पाय टाकायला जागा नव्हती.

कुंडलिक अकरा वर्षं साखर कारखान्याच्या वर्कशॉपात फिटर होता. सुट्टीला गावी आला की माणसं त्याच्यापुढं मोडकं सामान आणून टाकायची. कुणाचा फाळ तुटलेला, कुणाचं इंजिन बसलेलं. एवढ्याशा नटासाठी सोलापूर गाठायचं, तोवर रानातली ओल उडून जायची. हे बघून बघून त्यानं ठरवलं, की रस्त्याकडंच्या ह्या माळावर शेतीच्या अवजारांचं दुकान घालायचं. सोलापूरची एक कंपनी एजन्सी द्यायला तयार झाली. तिचं म्हणणं एवढंच, की दिवाळीच्या आत दुकान उभं पाहिजे आणि तेही सरकारी परवानगीनं. नाहीतर त्याच एजन्सीवर टेंभुर्णीचा एक गडी टपून बसलाच होता. कुंडलिकनं नोकरी सोडली.

शेतजमिनीवर दुकान घालायचं तर आधी जमीन बिनशेती करून घ्यावी लागते, हे त्याला त्यानंतर कळलं.

आठ महिने तो तालुक्याच्या कचेरीत जात होता. सातबारा दिला, पंचायतीचा ठराव दिला, रस्तेवाल्यांचा दाखला दिला. नकाशा दिला तर कारकून म्हणाला, ह्यावर उत्तर दिशा दाखवलेली नाही. कुंडलिकनं सोलापूरला जाऊन उत्तर दिशा काढून आणली. कारकून म्हणाला, दिशा बरोबर आहे, पण बाण लहान आहे. कुंडलिक पुन्हा सोलापूरला गेला. शेवटी सगळं जमलं आणि सर्कलची पाहणी तेवढी राहिली. कारकुनानं त्याला बाजूला घेऊन सांगितलं, की जमीन पडीक असली तर काम हितल्या हितं होतंय. पिकाखाली निघाली तर फाईल वर जाती, आणि वर गेलेली फाईल वरसाच्या आत खाली येत नाही.

तो बाणाच्या मागं हिंडत होता, त्याच दिवसांत रंभाबाईनं रानात हुलगा फेकला होता. त्याला सांगितलं नव्हतं. एकदा एस.टी.च्या खिडकीतून त्याला हिरवं रान दिसलं. कुणाचं बरं एवढं चांगलं आलंय, असं मनात म्हणेपर्यंत त्याचा थांबा आला.

"अगं, नोकरी सोडलीया मी," कुंडलिक म्हणाला. "दिवाळीला म्हैना ऱ्हायलाय."

"ती तुमी सोडली. मला इचारून न्हाय सोडली." रंभाबाईचा आवाज चढला नव्हता. "बारा वर्सं मी ह्या रानातलं गोटं येचती. कदी मूठभर दाणा दिला न्हाय ह्येनं. औंदा दिला, तर म्या तो हातानं उपटू? शेंगा भराय लागल्यात."

कुंडलिकनं खाली वाकून एक वेल हातात धरला. शेंगा खरंच भरत आल्या होत्या. त्यानं तो परत खाली ठेवला आणि घरी जाऊन पडून राहिला. दुपारी हस्ताचा पाऊस तासभर मन लावून पडला. सोमवारी सकाळी हुलगा आदल्या दिवसापेक्षा चांगला दिसत होता.

सर्कलसाहेब अकराच्या गाडीनं उतरले. बरोबर गावचे तलाठी गुरुबसप्पा होते. ते अक्कलकोटकडचे, बोलायला मऊ. साहेबांनी घाम पुसत रानावर नजर टाकली.

"हे पडीक?"

गुरुबसप्पा ढगांकडं बघत राहिले. साहेबांनी पेन काढलं आणि लिहिता लिहिता मोठ्यानं म्हणाले, "पाहणीवेळी जमिनीत उभं पीक..."

कारखान्याचं फाटक, टेंभुर्णीचा गडी, नकाशावरचा बाण, सगळं कुंडलिकच्या डोळ्यांपुढनं गेलं.

रंभाबाई चहाची किटली घेऊन आली. कपबशी साहेबांच्या हातात देत तिनं विचारलं, "सायेब, गेल्या साली हितं काय पिकलं म्हून लिवलंय?"

साहेबांनी सातबारा उलगडला. "ज्वारी."

"आन् त्येच्या आदल्या साली?"

"ज्वारी."

"भात्तरच्या दुष्काळात?"

साहेबांनी बोट खाली नेलं आणि तिथंच ठेवलं. दुष्काळात अख्ख्या तालुक्यात माणसं खडी फोडत होती, ढोरं चारा छावणीत होती. ह्या माळावर त्या साली ज्वारी होती. साहेबांनी मान वळवून गुरुबसप्पांकडं बघितलं.

"मी नंतर आलो, साहेब," गुरुबसप्पा म्हणाले. "आधीच्यांनी लिहिलेलं तसंच पुढं लिहीत आलो."

"तवा आमी काय बोललो न्हाय," रंभाबाई म्हणाली. "काय नव्हतं तवा तुमी ज्वारी लिवली. आता हुलगा हाय, तर पडीक लिवा. फिट्टंफाट व्हईल."

कुणी हसलं नाही. साहेबांनी चहा संपवला. मग ते गुरुबसप्पांना म्हणाले, "ही फाईल वर गेली तर मागचे सगळे उतारे मागवतील."

"वर न गेलेली बरी, साहेब."

साहेबांनी कागद फाडला, दुसरा घेतला. त्यांच्या चपलेत हुलग्याचा वेल अडकला होता, तो वाकून सोडवला आणि लिहिलं, की सदर जमीन मुरमाड व पडीक असून तीवर कोणतेही पीक नाही. गुरुबसप्पांनी खाली सही केली. जाताना त्यांनी शेंगा कधी निघतील म्हणून रंभाबाईला हळूच विचारलं. तिनं ऐकलंच नाही असं दाखवलं.

हुकूम पंधरवड्यात आला. त्या दिवशी कुंडलिक कुदळ घेऊन निघाला, तर रंभाबाईनं त्याला हुलगा काढायला लावला. चार पायल्या निघाला. मग खांब उभे राहिले, पत्रे चढले, आणि दिवाळीला तीन दिवस असताना कंपनीचा माणूस एजन्सीचा कागद देऊन गेला.

दिवाळीच्या पाडव्यानंतर केमकडचा मानसिंग नावाचा शेतकरी ओळखीच्या ट्रकात बसून आला. त्याला सगळ्यात मोठा लोखंडी नांगर पाहिजे होता. कुंडलिक मागं इंजिन खोलून बसला होता. पुढं रंभाबाई होती.

"मालक कुटं हायत?" मानसिंगनं विचारलं.

"रान कसलं हाय तुमचं?"

"हलकंच हाय. पर मालक..."

"मग ह्यो मोटा नेऊ नगा. मुरूम वर काडल, आन् माती खाली जाईल. बारा वर्सं बसाल गोटं येचत." तिनं कोपऱ्यातल्या लहान नांगराकडं बोट केलं. "ह्यो न्या."

कुंडलिक हात पुसत पुढं आला होता. मोठ्या नांगराचं गिऱ्हाईक डोळ्यांदेखत लहान होताना त्यानं बघितलं. लहान नांगर उचलून त्यानं ट्रकमध्ये चढवला.

आठ दिवसांनी केमहून आणखी दोघं उतरले. दुकानात कुंडलिक एकटाच होता. त्यानं पुढं होऊन राम राम घातला, काय पाहिजे म्हणून विचारलं.

दोघांनी आत डोकावून बघितलं.

"बाई न्हाईत व्हय?" त्यातला एक म्हणाला. "बसतो मग आमी."