ओळखा, डब्यात काय

जयाताई चार दिवसांपासून एकच ओळ लिहीत होत्या आणि खोडत होत्या. नंदनवन वस्तीतल्या त्यांच्या गल्लीसाठी भुलाबाईच्या खेळात फेर धरून म्हणायचं नवं गाणं दरवर्षी त्या आणि धाकटी बहीण प्रेमिला मिळून रचत. एकीने ओळ टाकायची, दुसरीने उचलायची. प्रेमिला उन्हाळ्यात गेली. उद्या कोजागिरी, मुली गाणं मागत होत्या, आणि जयाताईंना वाटत होतं, शब्दही तिच्याबरोबरच गेले.

संध्याकाळी शेजारच्या कौसल्याबाईंच्या अंगणात जुनीच गाणी झाली. मग रिवाजाप्रमाणे खिरापतीचा डबा वाजवला. ओळखल्याशिवाय झाकण उघडायचं नाही. मुली हरल्या.

"जया, तू सांग वं," कौसल्याबाई म्हणाल्या.

"वाजते त हळू. कोरडं असंन..."

"काहून इतका इचार करून राहिली? तोंडात येईन ते बोलत जा. चुकलं त चुकलं."

"फुटाणे," जयाताई म्हणाल्या. "लाह्या. खारका. सरगुंडे."

एक मुलगी हसली. "उकडलेले मऊ सरगुंडे कोणी डब्यात वाजवते का आजी?"

"प्रेमिलानं आणले होते," जयाताई थांबल्याच नाहीत, "गुळाच्या पाण्यातले, डबा गळून राहिला, साऱ्या पोलक्याले पाक, माय मारायले उठली, त हे पोट्टी लिंबावर..."

बोलता बोलता त्या उठल्या आणि सरळ घरी आल्या. कागद ओढला. पेन थांबू दिलं नाही.

लिंबावर चढली माझी बाई लिंबाचा पाला हिरवा पाल्यात पोलकं पिवळं उतर गं उतर माय रागावली मायही गेली तूही गेली मला विचारलं नाहीस मोठी मी होते आधी मी जायची तुला कसली घाई होती लिंबाला आला मोहर मोहर खाली पडतो तू पडत नाहीस बस तिथंच बस गात बस

पेन आपणहून थांबलं. आपण बहिणीवर रागावलो होतो, हे त्यांना कागदावरच कळलं. राग निघून गेल्यावर मागे गाणं उरलं होतं.

कौसल्याबाई शोधत आल्या. जयाताईंनी वाचून दाखवलं.

"यमक कुठं आहे वं यात?"

"नाही. फेर धरता येते का, तेवढं पाहा."

कौसल्याबाईंनी पदर खोचला, टाळी दिली, खोलीतच गोल फिरल्या. 'आधी मी जायची' पाशी पाऊल अडखळलं, पुढच्या टाळीला सावरलं.

"येते," त्या म्हणाल्या. "चाल, तूही ये."

जयाताई उठल्या.