देवीचा पान्हा आणि नळावरचे दोन गाऊन

"हरेल त्याने बायकोचा गाऊन घालून नळावर पाणी भरायचं. लागली?"

"लागली!" रमाकांतने टाळी दिली.

पैज त्याच्याच सुनेवरून. दर्शनाला मूलबाळ नाही, तरी अंगावर दूध आलं. रमाकांत म्हणे देवीचा पान्हा. मी म्हटलं, पिशवीचं दूध, बुवाची हातचलाखी. लालबागची आमची अख्खी चाळ जिन्यात उभी, बायका तान्ही पोरं घेऊन पाया पडायला.

दत्ताराम बुवा रंगात आलेले. "माता जगाची आई झाली! डॉक्टर नको, औषध नको. डोकं दुखतं? देवी आत जागा करतेय!"

"भाडं देते काय?" मी मागून ओरडलो. सगळे हसले. दर्शना कपाळ दाबून बसलेली.

बुवाने दुधाची बाटली कुठे लपवलीय ते शोधायला मी तिच्या बाजूला सरकलो. जाता जाता तिच्या हाताजवळचा पेढा उचलला. तिला पत्ताच नाही. दुसऱ्या बाजूने दुसरा उचलला. तरी नाही. कानाजवळ बोटं नाचवली, ती आपली समोरच बघतेय.

माझी मस्तीच उतरली.

"दर्शना, बाजूचं दिसत नाही तुला?"

"काका, दाराची चौकट रोज खांद्याला लागते," ती हळूच म्हणाली. "बुवा म्हणतात, देवीची सावली आहे. कुणाला सांगू नको."

वरच्या मजल्यावर पूर्वी नावाची मुलगी राहते, डॉक्टर आहे. तिला ओढतच आणली. तिने सगळ्यांना बाहेर काढून दर्शनाला तपासलं. "पाळी पण बंद आहे हिची. आत्ताच हॉस्पिटलला न्या."

"देवी कोपेल!" बुवा गरजला.

"आंधळी झाली तर तू फिरवशील हात धरून?" मी विचारलं. बुवा चपला शोधायला लागला.

मेंदूच्या तळाशी मटाराएवढी ग्रंथी असते, तिच्यात गाठ निघाली. डोळ्यांच्या नसा दाबत होती, वर प्रोलॅक्टिन नावाचं हार्मोन भरमसाट सोडत होती.

"काका, दूध खरंच होतं," पूर्वी म्हणाली. "दुधाच्या पेशीवर कुलूप असतं, हे हार्मोन त्याची किल्ली. किल्ली लागली की आत निरोप जातो, दुधातली प्रथिनं बनवणारी जनुकं चालू होतात. किल्ली बाळंतपणामुळे आली की गाठीमुळे, पेशीला काय कळतंय?"

म्हणजे देवी नाही, पिशवीही नाही. दोघंही हरलो.

रविवारी नळावर दोन गाऊन. रमाकांत गुलाबी फुलांत, मी पट्ट्यांत. चाळ शिट्ट्या मारतेय.

"दिसेल ना रे तिला?" रमाकांतची बादली भरून वाहत होती.

"गोळ्यांनी गाठ आकसतेय. बरंचसं दिसायला लागेल म्हणते पूर्वी. सगळं दिसेल का, सांगत नाही."

बाबांनो, कुणाच्या अंगात काही वेगळं दिसलं तर हार घालायच्या आधी डॉक्टरकडे न्या. एवढंच.

गॅलरीतून दर्शना समोरच्या रमाकांतला बघून हसली. मी त्याच्या बाजूलाच होतो. मला बघायला तिला अजून मान वळवावी लागली.