तळ्यातली धावपट्टी

मला विमानाचं याड हाय, हे अख्ख्या वडवणीला म्हाईत हाय. दुकान माझं मोटार वायंडिंगचं. जळक्या पंपाच्या तारा काढायच्या अन् नव्या भरायच्या, हा धंदा. पण मागच्या खोलीत कंप्युटर हाय, त्यात विमान उडवायचा खेळ, बसायला जुन्या जीपचं सीट, अन् हाताशी रिक्षाच्या गियरचा दांडा. तिथं बसलं की हैदर मिस्त्री पायलट! माझी बायको अकबरी म्हणती, "अजी, दुनिया टँकरच्या मागं पळायली अन् तुमी ढगात." म्हणू द्या. विहिरीत पाणी न्हाई, पंप बंद, मग मोटार जळणार कुठून? काम नसल्यावर माणसानं उडू नये तर काय करावं?

तर त्या साली, सलग तिसऱ्या कोरड्या साली, मी राधाकिशनच्या गावच्या तळ्यात धावपट्टी बांधली. घाबरू नका, कंप्युटरातच. त्यात सगळ्या दुनियेचा नकाशा हाय, पाहिजे तिथं आपली पट्टी टाकता येती. तळं कोरडंठाक, भेगा पडलेलं, पोरं तिथं क्रिकेट खेळायची. तालुक्यात तेवढी सपाट जागा दुसरी दावा मला! पट्टीसाठी तळाची उंची राधाकिशननंच सांगितलती. राधाकिशन भोई माझा जिगरी दोस्त, तळ्यावरच्या मच्छीमार सोसायटीचा सेक्रेटरी. तळ्याचा कोपरान् कोपरा त्याला ठाऊक.

पट्टीला मी आयएलएस बी लावलं. ही चीज समजून घ्या, कारण ह्याच्याएवढी अजब गोष्ट मी जिंदगीत बघितली न्हाई. पट्टीपासून रेडिओच्या दोन लहरी निघतेत. विमानात दोन सुया असतेत, एक उभी, एक आडवी. उभी सांगती, पट्टी डाव्या अंगाला हाय का उजव्या. आडवी सांगती, तू लई वर हायस का लई खाली. दोन्ही सुया मधोमध धरल्या, की बाहेर काई दिसो न दिसो, चाकाखाली पट्टी येतीच. आंधळ्याला कुणी बोट धरून घरी आणावं, तसं. या अल्ला, कुणाच्या डोक्यातून निघालं असंल हे! मी तर कायम ढग पार जमिनीला टेकवूनच उडायचो. दिसत असताना उतरण्यात काय मर्दुमकी?

पण माझं विमान उतरंना. आधी सुया हलंनात. बघितलं तर फ्रिक्वेन्सी चुकीची दिलती, ती नीट केली. मग आडवी सुई धरंना. लई डोकं खाजवल्यावर कळलं, मी उंचावरून यायलोय, ही लहर खालून धरावी लागती. तेबी केलं. आता दोन्ही सुया एकदम मधोमध, अन् तरीबी पट्टी यायच्या आधीच पडदा काळा! खलास! पुन्हा पयल्यापासून. फूट का मीटर ते तपासलं, हवेचा दाब तपासला, पट्टी पुसून नव्यानं टाकली. तरी रोज मरायलो. अकबरी म्हणाली, "तुमचा जनाजा दिवसातून कितीदा काढायचा?"

अशात एका दुपारी राधाकिशन आला. तोंड उतरलेलं.

"हैदर, उद्या सभा हाय. सोसायटी मोडायलोत. पाणी न्हाई, मासं न्हाई, निम्मे लोक ऊसतोडीला गेलेत. चेअरमन धर्मराज म्हणतो, कशाला मढं ओढायचं?"

मी भडकलो. "अन् पाणी आल्यावर? एकदा मासेमारीचा हक्क सोडला की ठेकेदार बसंल तळ्यावर. मग तुमी भोई लोक काठावर बसून मासं मोजा!"

"म्हाईत हाय बे," तो म्हणाला. "पण पाणी येईल असं लोकांना वाटंना. खरं सांगू का? मलाबी वाटंना."

ह्या माणसानं पोहायला शिकवलंतं मला त्या तळ्यात. मी दांडा धरला अन् विमान उडवलं. ढगात शिरलो, सुया मधोमध, अन् पुन्हा पडदा काळा. राधाकिशन वैतागला. "अरे, ते ढग काढ की! कशाला धडकायलास ते तरी बघू."

मला राग आला. ढग काढल्यावर आयएलएसची इज्जत काय राहिली? पण काढले.



खाली पाणी होतं. ह्या काठापासून त्या काठापर्यंत, भिंतीला टेकलेलं, निळंशार, उन्हात चमकायलेलं. माझी पट्टी त्याच्या तळाशी. नकाशा करणाऱ्याला आमच्या दुष्काळाची काय खबर? तळं म्हणून त्यानं तळं भरून ठेवलतं, अन् मी येडपट कोरड्या सालाच्या हिशोबानं तळात पट्टी बांधून रोज त्यात बुडत होतो. सुया खऱ्याच बोलत होत्या. टँकरच्या साली, वडवणी तालुक्यात, हैदर मिस्त्री पाण्यात बुडून मरायलाय! हसू यायला पाहिजे होतं, पण आलं न्हाई.

राधाकिशन पडद्याला नाक लावून बघायलाता. "सांडवा... तो बघ सांडवा! अन् ती टेकडी. हैदर, अजून एक चक्कर मार." मी मारली. त्याच्या डोळ्याला धार लागली. खोटं कशाला बोलू, माझ्याबी.

दुसऱ्या दिवशी त्यानं सभाच माझ्या दुकानात भरवली. उरलेसुरले सभासद मागच्या खोलीत दाटीवाटीनं बसले. मी त्यांना सगळं समजावलं अन् म्हणालो, "आता इलाज सापडलाय. एक बटण दाबलं की नकाशातलं पाणी जातं. मग बघा, कसं अलगद उतरवतो!"

"हात तर लावून बघ, हैदऱ्या!" भिवराबाई कडाडली. सोसायटीची सगळ्यात जुनी सभासद, म्हातारी, पण आवाज तलवारीसारखा. "खरं पाणी गेलं तेवढं बास न्हाई का?"

मी हात मागं घेतला. पाणी राहू दिलं, ढग आणले, पण ह्या वेळी जमिनीपासून जरा वर, अन् विमान सुयांवर सोडलं. पडद्यावर नुसतं पांढरं. "काईच दिसंना," धर्मराज म्हणाला. "दिसणारच न्हाई, चेअरमनसाब. सुयांवर भरवसा ठेवा." अन् एकदम ढग फाटले. खाली तळं, काठोकाठ.

"अगं आई!" कुणीतरी म्हणालं. पाणी वर वर आलं, अन् आमी त्यात गेलो. पडदा काळा.

धर्मराज खाकरला. "हे चित्र हाय. हे काई पाणी न्हाई."

"व्हय, चित्रच हाय," भिवराबाई म्हणाली. "पण तिकडं सातासमुद्रापार बसलेल्या माणसाला म्हाईत हाय की हितं तळं हाय. अन् तुमी काठावरचे लोक इसरून गेलात?"

धर्मराजनं मान खाली घातली. राधाकिशन उभा राहिला. "सोसायटी मोडायची म्हणणाऱ्यांनी हात वर करा."

एकबी हात वर झाला न्हाई. धर्मराजचा त्याच्या गुडघ्यावरच राहिला.

भिवराबाईनं पदरानं डोळे पुसले, अन् जीपच्या सीटवर थाप मारली.

"हैदऱ्या, आणखी एकदा बुडव."